पस्तीसवरची चिकटपट्टी

एका तालुक्याच्या गावात एक शिंपी होता. एसटी स्टँडच्या मागे त्याचं दहा बाय बाराचं दुकान होतं. एक मशीन, एक टेबल, टेबलावर लोंबणारा बल्ब आणि कपाटात बेतून ठेवलेल्या कापडांच्या गुंडाळ्या. त्याचा मुलगा झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता आणि त्याला फोटोंचं वेड होतं.

दोन वर्षं पगारातले पैसे बाजूला टाकून मुलाने एक मिररलेस कॅमेरा घेतला. सेकंड हँडच, पण आधीच्या मालकाने जपून वापरलेला. सोबत एक लेन्स होती, 16-50 ची. कॅमेऱ्याबरोबर मिळते ती.

पहिले काही दिवस आनंदात गेले. मुलगा दिसेल त्याचे फोटो काढायचा. बटण दाबण्याआधीच फोटो कसा येणार ते स्क्रीनवर दिसायचं. चाक एका बाजूला फिरवलं की चित्र काळवंडायचं, दुसऱ्या बाजूला फिरवलं की उजळायचं. हे त्याला इतकं आवडायचं, की नुसतं चाक फिरवत बसण्यातच बॅटरी संपायची.

मग तो रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघू लागला. तिथे त्याला कळलं, की आपल्याकडची लेन्स ही किट लेन्स आहे, आणि किट लेन्स म्हणजे जाणकार माणसं पहिल्याच दिवशी काढून ठेवतात ती. त्याने एक वही घेतली. पाखरांसाठी 70-300, देवळाच्या सभामंडपासाठी 10-20, चेहऱ्यांसाठी मोठ्या तोंडाची 56, फुलं-किड्यांसाठी मॅक्रो. पुढे किमती लिहिल्या. यादी दुसऱ्या पानावर गेली. यादी करण्यात एक सुख असतं. ते वाण्याच्या यादीतही असतं, पण वाण्याची यादी निदान महिन्याला संपते.

मावसभावाच्या हळदीला त्याने संध्याकाळी मांडवात फोटो काढले. निम्मे हलले, उरलेल्यांवर रवा भुरभुरावा तसे ठिपके आले. मावशी काही बोलली नाही. मुलाने मात्र दोष कशाला द्यायचा ते घरी पोचेपर्यंत ठरवलं होतं.

त्याने वही बापासमोर ठेवली.

"आप्पा, चाळीस हजार लागतील. निदान वरच्या दोन तरी घ्यायला हव्यात."

आप्पांनी मशीनला मोटर बसवायची म्हणून थोडे पैसे साठवले होते. ते मुलाला ठाऊक होतं. आप्पा खडूने कापडावर रेघ मारत होते. रेघ पुरी झाल्यावर त्यांनी यादी वाचली. खाली-वर दोनदा वाचली.

"गिऱ्हाईक म्हणालं शर्ट शिवा, तर मी आधी काय करतो?"

"माप घेता."

"मग ह्याचं माप कुठे लिहिलंयस?"

मुलगा रागावला. लेन्सचं कसलं माप, आप्पांना ह्यातलं काय कळतंय, असं मनात म्हणत तो झोपला. झोप मात्र लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन स्टुडिओवाल्या काकांकडे गेला. काकांच्या स्टुडिओत एके काळी नवी जोडपी ताजमहालाच्या पडद्यासमोर उभी राहायची. आता तिथे पासपोर्ट फोटो निघत आणि आधार कार्डं लॅमिनेट होत. काकांनी वहीकडे बघितलंच नाही. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, डोळा लावला आणि बराच वेळ रस्त्यावरची रिक्षा बघत राहिले.

मग त्यांनी फळीवरून आपला जुना पेंटॅक्स के1000 काढला. आत रोल नव्हता. तरी त्यांनी बटण दाबलं. खटॅक!

"हा आरशाचा आवाज. लेन्समधून आलेला उजेड आरशावर पडायचा, तिथून डोळ्याला मिळायचा. फोटो काढताना आरसा वर उचलला जायचा. म्हणजे ज्या क्षणाला फोटो निघाला, नेमका त्याच क्षणाला आम्हाला काळोख. नवरीने डोळे मिटले की उघडे ठेवले, ते रोल धुतल्यावर कळायचं." काका हसले. "2008 साली पॅनासोनिकचा जी1 आला आणि आरसा जायला लागला. तुझ्या कॅमेऱ्यात तो नाहीच. तुला सगळं दिसतं. तरी तू माझ्याकडे आलास."

मुलाने वही पुढे सरकवली. काका उठले आणि त्यांनी मागचं लाकडी कपाट उघडलं. आत कातडी डब्यांत तीन लेन्स होत्या. त्यांनी 135 ची लेन्स काढून ट्यूबलाइटसमोर धरली आणि मुलाला आत बघायला सांगितलं. काचेच्या आत पांढरे बारीक धागे पसरले होते, एकाला दुसरा फुटलेला, कोळ्याने जाळं विणावं तसे.

"बुरशी," काका म्हणाले. "गावात कुणाकडे 135 नव्हती म्हणून मी घेतली. वर्षातून एकदा जत्रेला बाहेर निघायची. पुढचे अकरा महिने अंधारात, त्यात चार महिने पावसाळा. मग दुसरं काय होणार?"

मग त्यांनी के1000 ला लावलेली 50 ची लेन्स काढून तशीच उजेडात धरली. काच लख्ख होती. कडेचा काळा रंग मात्र बोटं लागून लागून उडाला होता.

"हिला सवडच मिळाली नाही बुरशी धरायला."

मुलगा गप्प बसला. मग त्याने आप्पांचं मापाचं बोलणं सांगितलं. काकांनी टेबलावर हात आपटला.

"शिंप्याला कळलं ते मला आधी कळायला हवं होतं. कार्डावर किती फोटो आहेत तुझ्या?"

पाच महिन्यांचे सहाशे बारा फोटो होते. प्रत्येक फोटो कितीवर काढला, म्हणजे लेन्सची कडी कुठे होती, ते कॅमेरा स्वतःच लिहून ठेवतो. बटण दाबलं की फोटोखाली आकडा येतो. मुलगा आकडे वाचू लागला आणि काका त्याच्याच वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढू लागले. चार उभ्या, पाचवी आडवी. मध्येच एक बाई पासपोर्ट फोटोला आली, तिचं काम झालं, पुन्हा रेघा. दोन चहा झाले.

16 वर सत्त्याण्णव. 50 वर तीनशे अठ्ठ्याऐंशी. बाकीचे अधेमधे विखुरलेले.

मुलाचा चेहरा उजळला. "बघा काका! मी सारखा शेवटच्या टोकाला जाऊन अडकतोय. म्हणजे मला लांबचीच लेन्स हवी."

"आता त्या तीनशे अठ्ठ्याऐंशींत पाखरं किती ते मोज."

पाखरं अकरा निघाली. चंद्र तीन वेळा, देवळाचा कळस वीसेक वेळा.

"बाकी?"

"बाकी माणसं."

"माणसं जवळ गेल्यावर उडून जातात का?"

मुलाने पुन्हा एकदा ते फोटो बघितले. पाठी होत्या. कान होते. ताडपत्रीच्या आडून घेतलेले अर्धे चेहरे होते. एकही माणूस त्याच्याकडे बघत नव्हता, कारण तो तिथे आहे हे एकालाही माहीत नव्हतं. लेन्सबद्दलचा आकडा म्हणून त्याने जो वाचला होता, तो त्याच्या भिडस्तपणाचा आकडा होता.

काकांनी खणातून पार्सलची चिकटपट्टी काढली. लेन्सची कडी फिरवत 35 वर आणली आणि तिथे पट्टीचे दोन वेढे दिले.

"35 च का?" मुलाने विचारलं.

"आमच्या रोलचा चौकोन मोठा, तुझा सेन्सर त्याहून लहान. माझ्या 50 मधून जेवढं दिसायचं, साधारण तेवढंच तुझ्या 35 मधून दिसतं. दीडने गुणायचं. कार्तिए-ब्रेसाँ म्हणून एक फ्रेंच माणूस होता. 1948 साली गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो काढले त्याने. त्याने बहुतेक आयुष्य एका 50 वर काढलं. तुला महिनाच सांगतोय. चार बाजार. झूम करावंसं वाटलं तर पायांनी कर."

पहिल्या रविवारी मुलगा आठवडी बाजारात नेहमीच्या जागी उभा राहिला. तिथून 35 मध्ये माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. ताडपत्री आणि विजेच्या ताराच जास्त. तो चार पावलं पुढे गेला, त्याचे कान तापले, तो परत मागे आला. नऊ फोटो काढून घरी गेला. नऊही टाकाऊ होते.

दुसऱ्या रविवारी तो कासारणीच्या दुकानासमोर घुटमळत होता. तीनदा पुढे गेला, तीनदा मागे आला. चौथ्यांदा कासारीणच म्हणाली, "फोटू काढायचाय न्हवं? मग बस की हितं खाली. उभ्यानं काय डोस्कं काढतूयास माजं?"

तो पोत्यावर बसला. समोर एका नव्या नवरीचा हात होता. कासारणीने आधी तिचा अंगठा तळव्यात दुमडला. मग बोटांची मुळं दाबत दाबत सगळा पंजा कमळाच्या कळीएवढा केला. हिरवी बांगडी बोटांवरून सरकली आणि हाडाशी अडली. नवरीने डोळे घट्ट मिटले. कासारीण तिला सासरच्या गावाचं नाव विचारू लागली, नवरीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बांगडी हाडावरून पलीकडे गेली होती.

मुलाने तेव्हा बटण दाबलं. त्याच्या आणि त्या हातामध्ये दीड फूटही अंतर नव्हतं.

"मला एक कापी दे," कासारीण म्हणाली. "मोबाइलवर नगं. कागदावर."

काकांनी ती छापून दिली आणि फक्त कागदाचे पैसे घेतले. तिसऱ्या रविवारी कासारणीने तो फोटो बांगड्यांच्या पेटीवर उभा करून ठेवला होता. मग सुऱ्यांना धार लावणाऱ्याने मुलाला हाक मारली, मग मिरच्यावालीने. चौथ्या रविवारी त्याला चहाच इतका पाजला गेला, की त्याचा एक हात सतत गुंतलेला होता.

महिना झाल्यावर काकांनी पट्टी काढली. कडीला चिकट डाग राहिला होता, तो पुसला. मुलाने लेन्स फिरवून बघितली, 16, 24, 50. बोलता बोलता त्याचा हात पुन्हा 35 वर येऊन थांबला. दोघांनीही ते बघितलं.

त्याच आठवड्यात त्याने पहिल्यांदा आप्पांचा फोटो काढायचा ठरवला. इतक्या महिन्यांत तो एकदाही काढला नव्हता. आप्पा रोज समोर होते, म्हणून. संध्याकाळ होती, डोक्यावर तो एकच बल्ब. 35 वर त्या लेन्सचं तोंड उघडून उघडून एफ 5 पर्यंतच उघडत होतं. सेकंदाचा पंधरावा भाग लागत होता, आणि तेवढ्या वेळात आप्पांचा हात कापडावरून पुढे जात होता. दहा फोटो काढले, दहाही वेळा आप्पांचा चेहरा आला आणि हात धुरासारखा झाला.

आता मात्र त्याच्याकडे माप होतं. नजर 35 ची, तोंड मोठं. एफ 1.8 म्हणजे एफ 5 च्या जवळजवळ आठपट उजेड. पंधराव्या भागाचं काम सव्वाशेव्या भागात होणार, आणि तेवढ्यात आप्पांचा हात कुठे जाणार नाही. हे कुठल्याही व्हिडिओने त्याला सांगितलं नव्हतं. ते त्या दहा हललेल्या फोटोंवर लिहिलेलं होतं.

सेकंड हँड 35 तेरा हजारांत मिळाली. त्याने ती आपल्या पगारातून घेतली, दोन हप्त्यांत. आप्पांची मोटर दिवाळीला आली. लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली धरायचं हे काकांनी शिकवलं. आत आरशाचा आडोसा नाही, सेन्सर उघडा, धूळ थेट त्याच्यावर बसते. वहीतली उरलेली पानं आप्पांनी मापं लिहायला घेतली. 70-300 च्या मागच्याच पानावर आता कुणाची छाती अडतीस आहे.

हल्ली गावातली दोन-चार पोरं त्या मुलाकडे येतात, कुठली लेन्स घेऊ म्हणून. तो आधी त्यांचं कार्ड मागतो आणि रेघा ओढत बसतो. काही पोरांना ते पटत नाही, ती उठून जातात. एकाचे खरोखरच पाखरांचेच फोटो निघाले, दोनशेहून जास्त. त्याला त्याने सांगितलं, पैसे साठव आणि लांबचीच घे. लेन्स थोडीच वाईट असते कुठली? पण दुकानात सगळ्यांचं माप असतं, आपलं नसतं. ते आपल्याच फसलेल्या फोटोंत पडून असतं, आणि ते मोजायला बसण्याचा कंटाळा चाळीस हजारांना पडू शकतो.

नव्या लेन्सने पहिला फोटो आप्पांचाच निघाला. तोच बल्ब, तेच टेबल. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या आणि शर्टाच्या कॉलरवर टेकवलेली बोटं. अंगठ्याला सुई टोचून टोचून पडलेले खडबडीत ठिपकेसुद्धा मोजता येत होते. मुलाने तो मोठा करून छापून आणला आणि काही न बोलता टेबलावर ठेवला.

आप्पांनी चष्मा लावला. फोटो बल्बखाली नेला. बराच वेळ बघत राहिले. मुलगा त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"ही कॉलर," आप्पा म्हणाले, "डावीकडे दोन टाके तिरकी गेलीय."

त्यांनी कपाटातून तो शर्ट काढला, ब्लेड घेतलं आणि कॉलर उसवायला बसले.