वर्षातून एकदा लागणारे दुकान

बाजारपेठेत दोन प्रकारची दुकाने असतात. काहींची पायरी आपण रोज चढतो, तर काहींची आठवण आपल्याला वर्षातून एखाद्याच दिवशी होते. किराणा, दूध, भाजी, औषधे ही पहिल्या प्रकारची. दुसऱ्या प्रकारात मोडणाऱ्यांची यादी मोठी विलक्षण आहे. बाशिंगे व मुंडावळ्या विकणारा. गादी-रजईसाठी कापूस पिंजून देणारा. शालीला पडलेले छिद्र धाग्याला धागा जुळवून बुजविणारा रफूगार. हरवलेल्या किल्लीची जोड करून देणारा. मोडक्या छत्रीला नवी काडी बसविणारा. पोळ्याच्या आधी झुली, वेसणी, बेगड व घुंगरमाळा मांडून बसणारा. आणि गल्लीच्या टोकाला, ज्याच्या दुकानाकडे कोणीही हौसेने पाहत नाही, असा अंत्यविधीचे साहित्य ठेवणारा. असल्या दुकानांपुढून जाताना आपल्याला कौतुक वाटते, क्वचित हसूही येते, आणि हा मनुष्य पोट कसे भरीत असेल, असा प्रश्न मनात येऊन जातो. तो प्रश्न आपण तेथेच सोडून देतो. आम्हांला मात्र वाटते की तो सोडून देण्याजोगा नाही, कारण त्याच्या पोटात धर्माचा एक प्रश्न दडलेला आहे. ज्याची गरज आपल्याला वर्षातून एकच दिवस पडते, त्याच्या उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांशी आपला काही संबंध आहे की नाही?

बोरगावात राहणाऱ्यांना हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसावा. आपल्या एका अंगास औद्योगिक क्षेत्र आहे. तेथे १९९१ पासून रेमंडच्या गिरणीत सुटिंगचे कापड विणले जाते. दुसऱ्या अंगास आठवडी बाजार आहे, आणि तेथे एकेक माणूस एकेका लहानशा कामावर बसलेला असतो. गिरणीचे सामर्थ्य मोठे; परंतु खिळ्याला अडकून फाटलेला एक कोट घेऊन कोणाला गिरणीच्या दारात जाता येत नाही. तेथे रफूगारच लागतो. मोठा उद्योग हजारांची गरज एकदम भागवितो, लहान उद्योग एकट्याची अडचण दूर करतो. समाजाला दोन्ही हवे असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर हे भाग वेगळे होऊन नवा जिल्हा झाला. त्यामुळे पुढे बाजार वाढेल, नवी दुकाने उभी राहतील, हे उघड आहे. अशा वेळी जुन्या गल्लीत काय राहावे आणि काय जावे, याचा विचार आधीच केलेला बरा.

उदाहरणादाखल कल्हईवाला घेऊ. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला तर तो कळकतो, हे आपल्या आजीला शाळेत न जाता ठाऊक होते. त्यावर उपाय कल्हईचा. भात्याने फुललेल्या निखाऱ्यावर भांडे तापवावयाचे, नवसागराची पूड टाकून त्याचा मळ काढावयाचा, कथिलाची कांडी फिरवावयाची आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील क्षणार्धात सर्वत्र सारखे पसरावयाचे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. परंतु कल्हईवाल्याजवळ तापमापक नसतो. भांडे पुरेसे तापले की नाही, हे तो डोळ्यांनी ओळखतो. हे ज्ञान पुस्तकात लिहिता येत नाही. ते हातातून हातात जाते. आणि जो हात पाच वर्षे रिकामा राहिला, त्याच्यापाशी ते टिकत नाही.

आता पाहा, हा कल्हईवाला नाहीसा होत असेल तर त्यात अपराध कोणाचा? गृहिणीने स्टीलची भांडी घेतली, त्यात तिचे काही चुकले नाही. ती हलकी आहेत, स्वस्त आहेत, त्यांना कल्हई लागत नाही. कोणी नवी चादर घेतली, कारण जुनी रजई पिंजून घेण्यापेक्षा तीच सोयीची पडली. कोणी मोबाईलवरून बाशिंग मागविले, कारण ते चार पैशांनी स्वस्त मिळाले आणि घरपोच आले. एकेकाला वेगळे विचारले तर प्रत्येकाचे उत्तर योग्यच आहे. तथापि या सर्व योग्य उत्तरांची बेरीज केली की गल्लीतले दुकान बंद पडते. मग एके दिवशी घरातील पितळी पातेले घेऊन आपण निघतो, आणि ज्या जागी भाता असे तेथे कुलूप पाहून परततो. त्या दिवशी आपण म्हणतो, “काय हो, आता एकही कल्हईवाला उरला नाही!” हे वाक्य उच्चारणाऱ्याने तो उरावा म्हणून काय केले होते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

यावर दोन आक्षेप निघतील, आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, ज्या धंद्याची गरज संपली तो धंदा जावा हेच इष्ट. बापाने भाता ओढला म्हणून मुलाने जन्मभर भाताच ओढावा काय? हा आक्षेप आम्ही पूर्णपणे मान्य करतो. जन्माने गळ्यात पडलेल्या व्यवसायाने आपल्या देशात असंख्य माणसांची वाढ खुंटविली आहे. कारागिराचा मुलगा शिकून डॉक्टर किंवा अभियंता होत असेल तर त्याला अडविणारे कौतुक हे कौतुक नव्हे, तो स्वार्थ होय. आपल्या डोळ्यांना जुनी गल्ली रम्य वाटते म्हणून कोणी दारिद्र्यात राहावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

दुसरा आक्षेप असा की, ग्राहकही गरीबच असतो. रोजंदारीवर जाणाऱ्या कुटुंबाने चार रुपये अधिक देऊन धंदे जगवावेत, हा उपदेश पोट भरलेल्यांनी करू नये. हाही आक्षेप खरा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्याचा नफा स्वदेशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० असा बांधून दिला आहे. म्हणजे ग्राहकाला लुबाडू न देणे हेही आपल्याकडे प्राचीन काळापासून कर्तव्यच मानलेले आहे. वाईट काम करणारा, वजनात मारणारा, तोंडाळ दुकानदार केवळ लहान आहे म्हणून आपल्या दयेला पात्र होत नाही.

मग ऋण उरते कोठे? आमच्या मते येथे एक भेद नीट केला पाहिजे. गरज संपणे निराळे आणि गरज क्वचित पडणे निराळे. जी गरज संपली तिच्यासाठी कोणी कोणाचे देणे लागत नाही. परंतु जी गरज आहे, तीही निश्चित आहे, पण वर्षातून एकदाच येते, तिथे हिशेब वेगळा होतो. लग्न घरात रोज होत नाही, पण होणारच. मृत्यू रोज येत नाही, पण येणारच. आणि तो आला तर त्या रात्री दोन वाजताही दार ठोठावल्यावर साहित्य काढून देणारा कोणी गावात असावा, असे प्रत्येकाला वाटते. आपण त्याच्याकडून वस्तू एकच दिवस घेतो, पण तो तेथे ‘असतो’ याचा लाभ आपल्याला बाराही महिने मिळत असतो. त्या असण्याचे मोल वस्तूच्या किमतीत पुरते येत नाही. अॅडम स्मिथ याने १७७६ सालच्या ग्रंथात दाखवून दिले की आपले जेवण आपल्याला पाववाल्याच्या परोपकारामुळे मिळत नाही, तर त्याच्या स्वतःच्या हितबुद्धीमुळे मिळते. रोज लागणाऱ्या पावाच्या बाबतीत ते पुरेसे आहे. क्वचित लागणाऱ्या वस्तूच्या बाबतीत मात्र केवळ हितबुद्धीवर सारे सोपविले, तर तो मनुष्य तीनशे चौसष्टाव्या दिवसापर्यंत टिकतच नाही.

२०२० साली हे डोळ्यांसमोर घडले. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशभरची टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. किराणा व औषधे यांना मुभा होती, आणि ते योग्यच होते. परंतु चैत्र-वैशाखाची लग्नसराई आली तशी निघून गेली. बाशिंगवाल्याचे वर्षाचे पोट ज्या दोन महिन्यांवर चालते, नेमके तेच दोन महिने गेले. किराणा दुकानदाराचा एक दिवस बुडाला तर दुसरा येतो; याचा एक हंगाम बुडाला की वर्ष बुडते.

देवळाशी संबंध असणाऱ्यांना ही गोष्ट परकी वाटू नये. पुरोहिताच्या घरी वाढल्यामुळे आम्ही ती जवळून पाहिली आहे. बहुतेक मंडळी देवळात सणासुदीलाच येतात; परंतु समईत तेल रोज घालावे लागते, गाभारा रोज झाडावा लागतो. सणाला येणाऱ्याला देऊळ उघडे सापडावे म्हणूनच आपण सारे वर्षभराची वर्गणी देतो, आणि ती देताना ‘आम्ही गेल्या महिन्यात आलो नव्हतो’ असे कोणी म्हणत नाही. जो न्याय आपण देवळाला लावतो, तो गल्लीतल्या दुकानाला लावण्यास हरकत कोणती?

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. तो इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे केले. त्याला आपल्या तपाचा गर्व झाला, तेव्हा वाराणसीच्या तुलाधार नावाच्या दुकानदाराकडे त्याला धर्म शिकण्यासाठी जावे लागले. तुलाधाराने त्याला सांगितले ते थोडक्यात असे, की आपला तराजू सर्वांसाठी सारखा आहे. या कथेतून आपण सहसा दुकानदाराने प्रामाणिक असावे एवढाच बोध घेतो. परंतु तराजूला दोन पारडी असतात, आणि दुसरे पारडे ग्राहकाच्या बाजूस असते. गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी यांची नावे आपण कीर्तनात हात जोडून घेतो. आणि मडके घेताना कुंभाराशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो, मोठ्या दुकानात मात्र छापील किंमत मुकाट्याने देतो. ज्याच्याशी भांडता येते त्याच्याशीच भांडणे, याला काटकसर म्हणता येणार नाही.

उधारीची गोष्टही अशीच. आपल्या भागात संत्र्याचा आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतो आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. मधल्या महिन्यांत शेतकऱ्याला सांभाळून घेतो तो गल्लीतला वहीवाला दुकानदार. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. प्रत्येक दुकानदाराने तसे करावे अशी अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. मात्र बहार उतरल्यावर पहिले देणे त्याचे फेडावे, एवढे तर आपल्या हाती आहे. हाती रोकड येताच ती घेऊन दूरच्या चकचकीत दुकानात जावे आणि वहीतले नाव तसेच राहू द्यावे, ही रीत बरी नव्हे.

या बाबतीत देवस्थानांनी काय करावे, याची उदाहरणे जगात आहेत. जगन्नाथपुरीस रथयात्रेचे तिन्ही रथ दरवर्षी नवे बांधतात. जपानमधील इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी पुन्हा नव्याने उभारतात. असे बांधकाम २०१३ साली पूर्ण झाले. जुने लाकूड टिकले नसते असे नाही. परंतु वीस वर्षांत एका पिढीचे सुतार दुसऱ्या पिढीला आपली विद्या प्रत्यक्ष कामावर शिकवू शकतात. तेथे कारागिराला दान दिले जात नाही; त्याला ठरल्या वेळी ठरलेले काम दिले जाते. दानाने मनुष्य ओशाळा होतो, कामाने ताठ राहतो. नागपूरच्या महाल भागातील चितार ओळीत मूर्तिकारांची परंपरा टिकून राहिली, तिचेही कारण हेच की गणपती दरवर्षी न चुकता येतो.

आपले मंडळ लहान आहे, परंतु लहान मंडळालाही हे करता येईल. महाप्रसादाची पितळी पातेली अजून आपल्याकडे आहेत. त्यांना दरवर्षी एका ठरावीक महिन्यात कल्हई करून घ्यावी आणि सभासदांनी घरची भांडीही त्याच दिवशी आणावीत, म्हणजे कारागिराला एका फेरीत पुरेसे काम मिळेल. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या ताटल्या व पेल्यांवर देशभर बंदी आहे. तेव्हा पंगतीसाठी पळसाच्या पत्रावळी आठवडाभर आधी सांगून गावातूनच घ्याव्यात. गाद्या पिंजावयाच्या असतील तर थंडी पडण्याची वाट न पाहता आधीच द्याव्यात. आणि काम झाल्याबरोबर पैसे द्यावेत. ‘मंडळाचे पैसे सभेनंतर मिळतील’ हे उत्तर लहान माणसाला फार महाग पडते.

एवढे करूनही काही दुकाने बंद होतील. कोणाचा मुलगा शहरात चांगल्या नोकरीस लागेल, आणि त्याचा आपण आनंदच मानला पाहिजे. परंतु जे दुकान आपल्याला हवे असूनही केवळ आपल्या विसरण्याने बंद पडते, त्याची जबाबदारी काळावर ढकलता येणार नाही. येत्या उत्सवाच्या खरेदीची यादी करताना सभासदांनी प्रत्येक वस्तूपुढे एवढेच लिहावे, की ही वस्तू गावात कोण करतो. ज्या वस्तूपुढे नाव लिहिता येईल, ती त्याच्याचकडून घ्यावी.