घड्याळ कोणाचं?



सुट्ट्या लागल्या की घरोघरी एकच तक्रार, मुलं गेममधून उठत नाहीत. कोणी फोन काढून घेतं, कोणी कुलूप लावतं. आमच्याकडच्या मुलाने वेगळी वाट काढली. "मीच टायमर बनवतो," म्हणाला. तो माइनक्राफ्ट खेळतो. त्या गेमला आपण लिहिलेलं ॲड-ऑन जोडता येतं. एका फाइलीत त्याचं नावगाव, दुसरीत जावास्क्रिप्टच्या थोड्या ओळी, नवशिक्यालाही जमतं. आम्हीही शेजारी बसून समजून घेतलं. त्यातून निघालेला प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो.

हा गेम 'टिक'वर चालतो. सेकंदाला २० टिक. दर २० टिकनंतर आकडा एकाने वाढवायचा, की झाला टायमर. अर्ध्या तासाच्या टिक ३६,०००. पण इथेच गोम आहे. गेमवर ताण आला की टिक मंदावतात. मग गेमचा अर्धा तास व्हायचा असतो आणि भिंतीवरचं घड्याळ पुढे गेलेलं असतं! म्हणून टिक मोजायच्याच नाहीत. सुरुवातीची खरी वेळ टिपून ठेवायची आणि आत्ताच्या वेळेतून ती वजा करायची.

बघा, हे फक्त मुलांचं आहे का? आपणही ज्यात रमतो, त्याचंच घड्याळ वापरतो. मालिकेचा 'एवढा एकच भाग', फोनवर 'दोनच मिनिटं'. रागाचंही तसंच. राग आलेला असताना तो कधीच जास्त वाटत नाही, अगदी बरोबर तेवढाच वाटतो. ज्यात गुंतलो, त्याचं माप त्याच्या बाहेर उभं राहूनच घ्यावं लागतं. साक्षीभाव म्हणतात तो याहून फार वेगळा नसावा.

मग बाहेरचं घड्याळ मिळालं की काम झालं का? नाही. ते पडद्यावर आकडा दाखवतं, हात धरून उठवत नाही. घरात काहींचं म्हणणं पडलं, वेळ संपली की गेम आपोआप बंदच व्हावा. लहान मुलाच्या बाबतीत ते योग्यच आहे. त्याला कुलूप लागतंच. पण ज्याने स्वतः वेळ ठरवली, स्वतः माप बांधलं, त्याला आकडा बघून उठायची संधी द्यायला हवी. कुलपाने वेळ वाचतो, संयम येत नाही. तो एखाद्या दिवशी उठणार नाही, हेही धरून चालावं. पण ज्या दिवशी उठेल, ते उठणं त्याचं स्वतःचं असेल.

आणि तेव्हा आपल्या हातात फोन नसावा, एवढं मात्र आपण मोठ्यांनी पाळायचं.

रात्री जेवताना हे वाचून दाखवा आणि प्रत्येकाला विचारा, तुझं घड्याळ कोणाकडे आहे? उत्तर देताना सुरुवात आपल्यापासून करू या.

— सेविका मंडळ, इंदूर