सल्ल्याचे हजार रुपये

मिरजगावात नगर-सोलापूर रस्त्यालगत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका, ऑनलाइन फॉर्म. गावात कोणाला कॉम्प्युटर घ्यायचा झाला की तो आधी माझ्याकडे येतो. त्या विश्वासाचं मी काय केलं, ते आज स्वतःपुढे मांडतो आहे.

दिवाळीनंतर ओळखीचे एक शेतकरी मुलीचा जुना लॅपटॉप घेऊन आले. मुलगी नगरला बी.कॉम. करते. ‘‘दादा, हा आता चालायचा नाही म्हणत्यात, खरंय का?’’

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. तिच्या सहाव्या पिढीच्या आय-थ्रीवर ते रीतसर बसत नाही. एवढं मी सांगितलं, ‘‘नवाच घ्या’’ म्हणालो आणि पुढचं गिळलं.

त्याच लॅपटॉपवर लिनक्स मिंट फुकट चाललं असतं. तसल्याच एका मशीनवर मी ते पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं होतं. ४ जीबी रॅममध्ये लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, यूनिकोड मराठी, सगळं चाललं. विंडोज १० ला वर्षभराची वाढीव मुदत मिळते, हेही मला ठाऊक होतं.

दुसरी बाजूही खोटी नव्हती. वाणिज्य शाखेच्या मुलीला टॅली लागते आणि टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. लिनक्स अडलं तर गावात बघणारं कोणी नाही. मॅकची गोष्टच नको, त्या किमतीत त्यांच्या विहिरीवर मोटार बसेल. पण टॅली घरी लागते की कॉलेजच्या लॅबमध्ये भागतं, एवढं तरी मी पोरीला विचारायला हवं होतं. ती शेजारीच उभी होती.

का विचारलं नाही? मला स्वतःला विंडोज सोडण्याची भीती वाटते. माझ्या वीस वर्षांच्या फायली पेजमेकर आणि श्रीलिपीत आहेत. त्या जुन्या फॉन्टांतला मजकूर फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला की मराठीच्या जागी नुसत्या खुणा दिसतात. वेळीच यूनिकोडवर आलो असतो तर ही अडचण उरली नसती. ती माझी, माझ्या आळसाची. तिच्या लॅपटॉपचा निवाडा मी माझ्या या अडचणीवरूनच केला. शिवाय लिनक्स टाकून दिलं असतं तर ‘‘दादा, हे कसं करायचं?’’ म्हणून ती चार वेळा आली असती. तेही मला नको होतं.

आणि तिसरं, जे मी घरातही बोललो नाही. ज्या दुकानाचं नाव मी सुचवलं, तिथून मला हजार रुपये सुटले. नव्या लॅपटॉपसाठी तुरीच्या पैशांवर उचल घेतली, असं ते मला सहज बोलून गेले. ते ‘‘तुमच्यामुळं बरं झालं’’ म्हणाले तेव्हा माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवलं नाही.

नवा लॅपटॉप आता परत होणार नाही. जुना त्यांच्या घरी कपाटावर पडून आहे आणि धाकटा मुलगा आठवीत आहे. मिंटचा पेनड्राइव्ह काल रात्री तयार केला. हजार रुपये वेगळ्या पाकिटात ठेवलेत. ते कशाचे, हे त्यांना कसं सांगायचं, त्याचे शब्द अजून जुळवतो आहे. पुढच्या बाजाराला येतील, त्याआधी मीच वस्तीवर जाणार आहे.