सद्हेतू आणि दंडशक्ती

गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत रस्त्याच्या कडेस दोरी धरून उभे असलेले खाकी गणवेषातील तरुण वाचकांनी पाहिलेच असतील. ते सारेच पोलीस नसतात. त्यांतील कित्येक गृहरक्षक दलाचे, म्हणजे ज्यांस आपण होमगार्ड म्हणतो त्या दलाचे, स्वयंसेवक असतात. अशाच एका तरुणाने गर्दी आवरता आवरता एका वृद्ध गृहस्थांस मागे लोटलेले आम्ही पाहिले. धक्का फारसा जोराचा नव्हता. तथापि गृहस्थ पडले व त्यांचा चष्मा फुटला. तरुण तत्काळ ओशाळला व त्यांस हात देऊन उठवू लागला. भोवतालच्या मंडळींपैकी एकजण म्हणाले, "जाऊ द्या हो. बिचारा दिवसभर दुकानात राबून रात्री लोकांसाठी उभा राहतो." त्यावर ते वृद्ध गृहस्थ शांतपणे उत्तरले, "खरे आहे. पण मी पडलो तो काही कमी पडलो नाही."

या उत्तराने आम्हांस विचारात पाडले. जो मनुष्य आपखुशीने लोकरक्षणाचे काम अंगावर घेतो, त्याच्या सद्हेतूकडे पाहून त्यास शिक्षणात काही सूट द्यावी काय? आपणांपैकी बहुतेकांचे मन 'द्यावी' असेच म्हणेल. फुकटच्या कामात खोट काढू नये, हा आपला जुना शिष्टाचार आहे. परंतु हा शिष्टाचार दंडशक्तीस लावता येईल काय, हे तपासून पाहणे अवश्य आहे.

आणीबाणीच्या वेळी नागरिकांच्या हाती काठी देण्याची चाल नवी नाही. इंग्लंडात १८३१ च्या कायद्याने विशेष शिपाई नेमण्याची पद्धत नीट बांधून दिली. १८४८ च्या १० एप्रिलास लंडनमध्ये चार्टिस्ट पक्षाची प्रचंड सभा भरणार म्हणून हजारो नागरिकांस शपथ देऊन असे शिपाई बनविण्यात आले. शिक्षण म्हणावे असे त्यांस काही मिळाले नव्हते. शपथ आणि काठी हीच त्यांची तयारी. त्या शपथ घेणारांत फ्रान्समधून परागंदा झालेला लुई नेपोलियनही होता. सुव्यवस्था राखण्यासाठी लंडनच्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या याच पुरुषाने १८५१ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये लष्कराच्या बळावर प्रजासत्ताकाची घटना पायाखाली तुडविली. शपथेने मनुष्याच्या हाती अधिकार येतो, अधिकाराची मर्यादा त्याच्या अंगी बाणतेच असे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्याकडील गृहरक्षक दलाचा जन्मही अशांततेतच झाला. दंगलींनी ग्रासलेल्या मुंबईत १९४६ च्या डिसेंबरात ते स्थापन झाले. त्या वेळी मोरारजी देसाई हे प्रांताचे गृहमंत्री होते. पुढे १९४७ च्या कायद्याने त्यास रीतसर रूप आले, आणि १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर देशभर त्याचा विस्तार झाला. ज्याला कर्तव्याच्या दिवसापुरता भत्ता मिळतो, त्यास कामावर बोलावले असता मात्र पोलिसासारखेच अधिकार प्राप्त होतात. येथेच प्रश्नाचे मर्म आहे. मोबदला थोडा म्हणून अधिकारही थोडा, असे येथे नाही.

सद्हेतूस सूट दिली म्हणजे काय घडू शकते याचे एक दारुण उदाहरण अमेरिकेत घडले. ओक्लाहोमा संस्थानातील तुल्सा येथे २ एप्रिल २०१५ रोजी बेकायदा पिस्तूल विकल्याच्या संशयावरून एका मनुष्यास पोलिसांनी जमिनीवर दाबून धरले होते. तेथे हजर असलेल्या राखीव स्वयंसेवक शिपायाने विजेचा झटका देणारे हत्यार म्हणून चुकून पिस्तूलच झाडले, आणि तो निःशस्त्र मनुष्य मेला. हा स्वयंसेवक त्र्याहत्तर वर्षांचा सधन विमाव्यावसायिक होता. त्या खात्यास त्याने मोटारी व इतर साहित्य देणगीदाखल दिले होते. नियम डावलून त्यास सवलती मिळाल्याचे त्याच खात्याच्या २००९ सालच्या अंतर्गत चौकशीत नमूद झाले होते, आणि तरीही तो कामावर राहिला. २०१६ मध्ये त्यास चार वर्षांची कैद झाली. गोळी झाडताच त्याने क्षमा मागितली होती. त्याचा हेतू दुष्ट होता असे कोणी सिद्ध केले नाही. मग मेलेल्या माणसास या सद्हेतूचा काय उपयोग झाला?

यावर एक आक्षेप येईल, व तो हलका नाही. स्वयंसेवकास पगारी शिपायाइतके शिकवू लागलो, तर नोकरी-संसार सांभाळून हे काम करण्यास कोण पुढे येईल? शिवाय नागरिक पोलिसांच्या खांद्यास खांदा लावून उभा राहिला म्हणजे पोलिसांसही आपण लोकांपैकीच आहो याची आठवण राहते. तो लाभ आपण का गमवावा? आम्हांस हा लाभ मान्य आहे. परंतु त्याचे उत्तर कॅलिफोर्नियाने बऱ्याच अंशी शोधले आहे. तेथे राखीव शिपायांच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्याने अटकेचा प्रसंग सहसा येणार नाही अशी साहाय्याची कामे करावी. मधल्याने पूर्ण शिकलेल्या शिपायाच्या देखरेखीखाली राहावे. आणि ज्यास एकट्याने गस्त घालावयाची त्याने पगारी शिपायाचाच, किमान ६६४ तासांचा, अभ्यासक्रम पुरा करावा. जेवढे शिक्षण तेवढाच अधिकार, हे त्यातील तत्त्व. वेळ थोडा असेल तर काम थोडे घ्या. पण काम मोठे घेऊन शिक्षण थोडे चालणार नाही. फुकट औषध देणाऱ्या वैद्यासही नाडी कळलीच पाहिजे.

शिक्षण म्हणजे केवळ कवायत नव्हे, हेही सांगणे प्राप्त आहे. पाय जुळवून चालणे चार दिवसांत येते. हात उगारण्याची मुभा असता तो आवरणे, शिवी ऐकून शब्द न चढविणे, पळणाऱ्याच्या मागे धावताना आपल्या हातात काय आहे याचे भान ठेवणे, हे सरावावाचून येत नाही. दंड अतिकठोर नसावा व अतिसौम्यही नसावा, असा कौटिल्याचा अभिप्राय आहे. परंतु ते माप कोणी जन्मतः घेऊन येत नाही. उलट स्वयंसेवकाच्या ठायी एक विशेष धोका संभवतो. पगारी शिपायास निदान भाकरी जाण्याचे भय असते. आपण उपकार करीत आहो असे ज्यास वाटते, त्यास आपली चूक दिसणेच कठीण. म्हणून त्यास सूट देणे दूरच, आत्मसंयमाचे शिक्षण त्याला काकणभर अधिकच हवे.

त्या तरुणाविषयी आमच्या मनात राग नाही. त्याने वृद्धांस उठविले, फुटलेल्या चष्म्याचे तुकडे वेचले, व पुन्हा दोरी धरली. त्याच्या त्यागाचा मान राखावयाचा असेल, तर गर्दी मागे कशी सारावी हे कोणी तरी त्यास आधी शिकवावयास हवे होते. न शिकविता त्यास तेथे उभे करणे हा त्या वृद्धांवर जितका अन्याय, तितकाच त्या तरुणावरही होय.