प्रारब्ध आणि आत्याचा आजार

रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या मराठी घरांतही आई, मावशीला स्तनांचा कर्करोग झाला की ‘प्रारब्ध’ म्हणून विषय मिटवला जातो. आपल्या शास्त्रांनी मात्र प्रारब्धाशेजारी क्रियमाणही ठेवले आहे. पहिले भोगायचे, दुसरे करायचे. या कर्करोगाचा धोका वाढवणारा, वारशाने आलेला बीआरसीए जनुकातला दोष हे फार तर प्रारब्ध. तो अपत्याकडे येण्याची शक्यता निम्मी, आणि तो वडिलांकडूनही येतो. म्हणून आत्याचा आजारही विचारायला हवा. नेमका तोच विसरला जातो. शिवाय असे आनुवंशिक कर्करोग शंभरात पाच-दहाच, म्हणजे घरात आजार नसलेलीनेही निर्धास्त राहू नये.

धोका कळला की भीती वाढते, हा आक्षेप खरा आहे. पण न कळल्याने गाठ थांबत नाही. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या हातांनी केलेल्या नियमित तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांतले या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. म्हणूनच कुटुंबात आजार असलेल्या तरुणींनी केवळ हातांच्या तपासणीवर न थांबता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आईला ज्या वयात आजार झाला, त्याच्या दहा वर्षे आधीच तपासणी सुरू करा.