फळा पुसल्यानंतरचा निबंध

चंदनपुरी मालेगावला लागूनच आहे. पौष पौर्णिमेला तिथे खंडोबाची यात्रा भरते आणि आसपासच्या गावांतली पोरे चालता येऊ लागल्यापासून त्या यात्रेला जातात. कपाळाला भंडारा लागतो, गर्दीत हात सुटतो, एखादे खेळणे मागून मिळत नाही. नववीत इंग्रजीच्या तासाला ‘अ व्हिजिट टू अ फेअर’ असा विषय मिळाला, की त्याच मुलाच्या वहीत गाईडमधली जत्रा उतरते. तिच्यात मोठा पाळणा असतो, फुगे असतात, शेवटी सगळ्यांना खूप मजा येते. भंडारा कुठेच नसतो. तीस वह्या तपासल्या तर तीस मुले एकाच जत्रेला जाऊन आलेली दिसतात.

मुलाला जत्रा माहीत असते, पण ती विचारण्याजोगी गोष्ट आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते. शिकल्यासवरल्या घरात मूल बाहेरून आले की कुणीतरी विचारते, मग काय झाले, तू काय म्हणालास? त्या विचारण्यातून सांगण्याचा क्रम मुलाच्या अंगवळणी पडतो. मालेगावात बारा-बारा तासांच्या पाळीत यंत्रमागावर उभा राहणारा बाप घरी येतो तेव्हा त्याच्यात विचारायचे त्राण उरलेले नसते. त्याच्या मुलाला वर्गात शिक्षकाने फळ्यावर पाच-सहा प्रश्न लिहून दिले, तर घरात न मिळालेला ऐकणारा त्याला शाळेत मिळतो. मार्गदर्शक प्रश्नांचे मोल मला यात वाटते.

पण सगळे प्रश्न सारखे नसतात. कुठे गेलात, कुणाबरोबर गेलात, काय पाहिले, असे प्रश्न दिले की सहा प्रश्नांची सहा वाक्ये येतात, म्हणजे गाईडच्या जागी फळा आला एवढेच. गावात शिरण्याआधी कानावर काय पडले? काय हवे होते आणि मिळाले नाही? घरी परतताना कोण गप्प होते? अशा प्रश्नांना पाठ केलेले उत्तर नसते. मुलाला थांबून आठवावे लागते, आणि लेखन तिथे सुरू होते.

आठवणे इंग्रजीत होत नाही, हेही मान्य करायला हवे. महाराष्ट्रात 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी आले. तरी मालेगावच्या आसपासच्या कसमादे पट्ट्यातल्या अनेक घरांत बोलणे अहिराणीत चालते आणि मालेगाव शहराच्या मोठ्या भागात उर्दूत. ‘जत्रामा काय देखं?’ असे विचारले तर पोरगा पाच मिनिटे बोलायचा थांबत नाही. तोच प्रश्न इंग्रजीतून आला की तो आधी व्याकरण शोधतो आणि जत्रा हरवते. म्हणून प्रश्न घरच्या भाषेत विचारावेत, उत्तरे तोंडी घ्यावीत, लागतील ते इंग्रजी शब्द फळ्यावर पुरवावेत आणि मग वही उघडावी.

याने लेखन खरेच सुधारते का, हे तपासायलाच हवे. बी.एड.च्या कृतिसंशोधनाची रीत सर्वांना ठाऊक आहे: पूर्वचाचणी, काही आठवड्यांचा उपक्रम, उत्तरचाचणी, आणि सरासरी गुण वाढल्याचा तक्ता. पण उत्तरचाचणीच्या दिवशीही प्रश्न फळ्यावर असतील तर वाढलेले गुण मुलाचे की फळ्याचे? शिवाय उपक्रम घेणारा शिक्षकच वह्या तपासणार असेल, तर त्याच्या मनातली आशा गुणांत उतरते. हे लबाडीने होत नाही, मायेने होते, पण निष्कर्ष तेवढाच कच्चा राहतो.

दक्षिण भारतात 1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू यांनी शाळांमध्ये इंग्रजीचा एक प्रयोग केला. तो बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. शिक्षक एखादे कोडे वर्गासमोर प्रश्न विचारत विचारत सोडवायचा आणि मग तशाच धाटणीचे दुसरे कोडे मुलांनी एकट्याने सोडवायचे. पुढे अ‍ॅलन बेरेटा आणि अ‍ॅलन डेव्हिस यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. ज्या पद्धतीने मुले शिकली होती त्या धाटणीच्या चाचणीत ती सरस ठरतात, असा कल त्यात दिसला. आपल्याकडे चाचणी ठरवणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात धरावे. प्रश्नांवर वाढलेल्या मुलांना पुन्हा प्रश्नच देऊन तपासले, तर यश आधीच ठरलेले असते.

म्हणून दोन तुकड्या घ्याव्यात. एकीला मार्गदर्शक प्रश्न, दुसरीला तेवढेच तास नुसते लेखन; कारण नुसते लिहीत राहिल्यानेही हात सुधारतो आणि त्याचे श्रेय प्रश्नांना जाऊ नये. सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही तुकड्यांना न सांगितलेला विषय आणि कोरा कागद द्यावा. नावे झाकून कागद एकत्र मिसळावेत आणि दुसऱ्या शाळेतल्या दोन शिक्षकांनी ते वेगवेगळे तपासावेत.

गुण देताना एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पाठ केलेली चार वाक्ये लिहिणाऱ्या मुलाच्या चुका कमी निघतात. ज्याला पहिल्यांदा स्वतःचे काही सांगायचे असते तो बारा वाक्ये लिहितो, आणि त्यातली सात चुकतात. चुका मोजल्या तर उपक्रम फसला असे दिसेल. मला त्या सात वाक्यांत शिकणे दिसते. दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या 80 गुणांच्या लेखी परीक्षेत लेखनकौशल्याला 20 गुण आहेत, म्हणून शुद्धतेचा धाक समजतो. पण आशय आणि शुद्धता यांचे गुण वेगळे मांडले नाहीत, तर आपण भित्र्या मुलाला बक्षीस देऊ.

डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी 1976 मध्ये मार्गदर्शक प्रश्नांसारख्या मदतीला परांचीची उपमा दिली. भिंत उभी राहीपर्यंत परांची लागते, नंतर ती उतरवतात. आपल्या वर्गांत ती चढवण्याची घाई फार आणि उतरवण्याचा दिवस कुणी ठरवत नाही. सहा प्रश्नांवरून चार, चारांवरून दोन, आणि मग मुलानेच स्वतःसाठी प्रश्न लिहून काढायचे, असा उतार आधीपासून आखलेला असला पाहिजे.

मालेगावातल्या आणि तालुक्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना, विशेषतः यंदा कृतिसंशोधन करणाऱ्या विद्यार्थी-शिक्षकांना माझी विनंती आहे. अहवाल बांधायला टाकण्याआधी एक महिना थांबा. मग एखाद्या शनिवारी वर्गात जा, फळा पुसा, मुलांनी कधी न लिहिलेला विषय द्या आणि कोरे कागद वाटा. मूल लिहायला लागण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात स्वतःलाच काही विचारते का, तेवढे पाहा, आणि ते अहवालात लिहा.