पाखरे आणि पोस्टाचे पासबुक

गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीच्या एका बंधूंनी आम्हांस एक प्रश्न विचारिला. ते दररोज पहाटेच्या लोकलने मुंबईस चाकरीला जातात. गाडीत धड उभे राहावयास जागा मिळाली तरी देवाचे आभार मानावे, अशी तेथील स्थिती आहे. मुलीस परिचारिकेचे शिक्षण द्यावे म्हणून ते दरमहा पोस्टात थोडे पैसे टाकीत. अशात त्यांची वृद्ध माता अंथरुणास खिळली, पोस्टाचे दोन हप्ते चुकले, आणि रात्री झोप येईनाशी झाली. हे दुःख त्यांनी मंडळीत बोलून दाखविले, तेव्हा मंडळीतील एका वडिलांनी सांगितले की, आकाशातील पाखरांस पोसणाऱ्यावर तुमचा विश्वास असता तर तुम्ही पोस्टात खाते उघडलेच नसते. "मग मी अविश्वासी आहे काय?" असे ते बंधू विचारीत होते.

वाचकहो, हा प्रश्न केवळ शहरातला आहे असे समजू नका. पुढल्या पेरणीसाठी घरात भात राखून ठेवणाऱ्या प्रत्येकास तो लागू आहे.

डोंबिवलीवरून जाणारा लोहमार्ग कल्याणहून पुढे घाट चढून पुण्यास जातो, आणि त्याच वाटेने दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन वसविले. भरवसा म्हणजे काय, हे ह्या बाईंनी फार जवळून पाहिले होते. 1874 साली दुष्काळात त्यांचे आईवडील अन्नावाचून खंगून वारले. ते श्रद्धाहीन नव्हते; उलट जवळ होते ते सर्व त्यांनी देवकार्यात वेचिले होते. परंतु हाताने कष्ट करण्याची सवय त्या घरास नव्हती व भीक मागण्याची लाज होती, हे रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेविले. त्या वृद्ध दांपत्याची निष्ठा आम्ही हलकी लेखीत नाही. आमच्यापैकी कितीकांस तेवढी आहे? रमाबाईंनी मात्र प्रभूवर भार टाकिला तो हात कामास लावून. शारदासदनास अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षांपुरते साहाय्य कबूल केले होते. ती मुदत 1898 साली संपणार हे जाणून बाईंनी आधीच केडगावास जमीन घेऊन फळझाडे लाविली. तोच 1897 चा दुष्काळ आला, आणि त्या मध्य प्रांतात जाऊन सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. इतक्यांच्या भाकरीचा हिशेब त्या झाडांत कोठून असणार? तेथे त्या गुडघे टेकीत. आणि उठल्यावर विणकाम, तेलघाणा, शेती व छापखाना ह्यांकडे पाहत.

तेव्हा पासबुक म्हणजे अविश्वास नव्हे. प्रभूने पाखरांकडे बोट दाखविले खरे, परंतु पाखरूही उजाडल्यावर घरट्यात बसून राहत नाही. त्याने मना केली ती काळजी, पेरणी नव्हे. मात्र आकडे बदलत नाहीत हे ठाऊक असून रात्री दोन वाजता तेच पासबुक पुन्हा उघडणे निराळे. तेथे आपण उद्याच्या दिवसाचे धनी होऊ पाहतो.

एक गोष्ट लपविणे बरे नव्हे. भार टाकिला म्हणजे मागितलेले मिळतेच, असे नाही. दुष्काळातून आणलेल्या मुलींपैकी कित्येक वाचल्या नाहीत. रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमाबाई 1921 साली आईच्या आधी गेली. त्यानंतरही बाईंनी आपल्या बायबल-भाषांतराचे काम सोडिले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या.

हे सर्व आम्ही त्या बंधूंस सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "पण रात्री आईची कूस कोण बदलणार? बायको थकली आहे हो." ह्यास द्यावयास आमच्याजवळ वचन नव्हते. आम्ही उठून त्या पाखरांचा दाखला देणाऱ्या वडिलांच्या घरी गेलो. हल्ली त्यांच्या पत्नी व आणखी एक भगिनी आळीपाळीने त्या म्हातारीजवळ रात्र काढतात. चुकलेले हप्ते भरले की नाहीत, हे आम्ही अजून विचारिलेले नाही.